फोडणीमागची भिंत

इतिहास लिहिणारी माणसे बहुधा दिवाणखान्यात बसून लिहीत असावीत. त्यामुळे तख्ते, तहनामे आणि तलवारी यांचा इतिहास आपल्याला तारीखवार मिळतो. पण ज्या खोलीतून या मंडळींना तासातासाला चहा येत होता, त्या खोलीच्या भिंतीचा इतिहास लिहायला कोणी आत डोकावलेले दिसत नाही. डोकावले असते तर 'आलाच आहात तर जरा नारळ खवून द्या' असे ऐकावे लागले असते, ही भीती मात्र रास्त आहे.

मी पडलो बी.कॉम. इतिहासाशी माझा अधिकृत संबंध दहावीच्या परीक्षेत सुटला, तो दोघांनाही सोयीचा झाला. पण वीसेक वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसल्यावर माणसाला एक खोड लागते. समोर काहीही आले की डावीकडे 'नावे' आणि उजवीकडे 'जमा' असे दोन रकाने दिसू लागतात. यंदा वरच्या मजल्यावरचा पाइप गळला, आमच्या स्वयंपाकघराची ओट्यामागची भिंत फोडावी लागली आणि नव्या टाइल्स कुठल्या लावायच्या हा प्रश्न घरात उभा राहिला. तेव्हा या भिंतीचीही खातेवही उघडून बघावी असे मनात आले. आमच्या शाखेत कोणत्याही खात्याची चौकशी झाली की आधी जुने उतारे काढतात. मीही तेच केले.

प्रथम नावाचा खुलासा. ओटा आणि वरची कपाटे यांच्यामधला जो दोन फुटांचा पट्टा असतो, त्याला आमच्याकडचे मिस्त्रीलोक 'डॅडो' म्हणतात. मला आधी वाटले, बिल बापाने भरायचे म्हणून डॅडो. पण शब्द निघाला इटालियन. मूळ अर्थ फासा. चौकोनी म्हणून खांबाच्या बैठकीला तो शब्द लागला, तिथून भिंतीच्या खालच्या भागाला लागला आणि तिथून थेट डोंबिवलीला आला. अर्थ मात्र बदललेला नाही. टाइल निवडणे हा अजूनही फासा टाकण्याचाच प्रकार आहे. दुकानात दिसते एक आणि भिंतीवर पडते दुसरेच दान.

आमच्या आजीच्या खात्यात ही भिंत नव्हतीच. कोकणातले घर, जमिनीवर चूल, शेजारी वैल, आणि समोर पाटावर आजी. फोडणी उडायची ती जमिनीवर आणि आजीच्या हातावर. भिंत मागे कुठे तरी अंधारात काळी होत बसलेली असे. तिच्या काळेपणाबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण धुराने वाशांना कीड लागत नाही अशी सगळ्यांची खात्री होती. आजीच्या डोळ्यांना त्या धुराने काय लागत होते, याची नोंद वाशांच्या खात्यात कशी असणार? सकाळी उठून शेणाचे पोतेरे फिरवले की कालची फोडणी पुसली जायची आणि आजची उडायला जागा मोकळी व्हायची. तीच तिची टाइल. रोज नवी, किंमत शून्य, मजुरी स्वतःची.

आता याच सुमारास, म्हणजे त्याच्या साडेचार हजार वर्षे आधीपासून (इतिहासात एवढे इकडेतिकडे चालते), जगात राजेलोक टाइल्स लावत होते. इजिप्तचा जोसर नावाचा राजा होता. त्याच्या सक्कारा इथल्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली जी भुयारे आहेत, त्यांच्या भिंतींवर सुमारे ३६,००० निळ्या-हिरव्या चकचकीत टाइल्स बसवल्या होत्या. ही सगळी सजावट मेलेल्या माणसाने बघायची! जगातल्या पहिल्यावहिल्या टाइल्सपैकी काही अशा खोलीत लागल्या, जिथे कढी उतू जाण्याची सुतराम शक्यता नव्हती.

आपल्याकडे फार लांब जायला नको. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. भिंतीवरच्या चिनी मातीच्या टाइल्समुळेच त्याला ते नाव पडले. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबाने १६८७ साली पकडले आणि पुढे या चिनी महालात कोंडून ठेवले. बिचारा मरेपर्यंत, सुमारे डझनभर वर्षे, तिथेच होता. म्हणजे वर्षानुवर्षे एकाच टाइलकडे बघत दिवस काढण्याचा हा महाराष्ट्रातला जुना, कागदोपत्री नोंद झालेला प्रसंग. त्यानंतरच्या असंख्य प्रसंगांची नोंद झाली नाही, कारण त्यातल्या बायका सुलतान नव्हत्या.

स्वयंपाकघरापर्यंत टाइल आणली ती डच लोकांनी. चिनी भांड्यांच्या निळ्या-पांढऱ्या नक्षीची नक्कल करत डेल्फ्ट आणि आसपासच्या गावांत सतराव्या शतकात हातभर नव्हे, वीतभरही नव्हे, जेमतेम पाच इंची चौकोनी टाइल्स बनू लागल्या. त्या चुलीभोवती लागल्या आणि भिंतीच्या पायथ्याशी लागल्या. व्हर्मीर या चित्रकाराचे १६६० च्या सुमाराचे दूध ओतणाऱ्या मोलकरणीचे चित्र प्रसिद्ध आहे. सगळे जग त्यात दुधाची धार बघते. मी मात्र खाली उजव्या कोपऱ्यात बघतो. भिंतीच्या बुडाशी टाइल्सची एक रांग आहे आणि त्यातल्या एकीवर चक्क मदन काढलेला आहे. ओल आणि फडक्याचे पाणी भिंतीत मुरू नये म्हणून ती रांग. बाई दूध ओतते आहे, मदन बघतो आहे, आणि दूध सांडले तर पुसायला सोपे. डच माणूस हिशेबी होता, यात शंका नाही.

पण हाताने रंगवलेली टाइल गरिबाच्या घरी जायची कशी? हा प्रश्न सुटला लिव्हरपूलला. जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी छापील नक्षी कागदावरून टाइलवर उतरवण्याची युक्ती काढली, आणि १७५६ साली प्रतिज्ञापत्र केले की २७ जुलै रोजी सकाळी नऊ ते दुपारी तीन या सहा तासांत आम्ही दोघांनी, कोणाच्याही मदतीशिवाय, बाराशेहून अधिक टाइल्स छापल्या. माझ्यासारख्याला या घटनेत कलेपेक्षा कचेरीच्या वेळा जास्त भावतात. बाराशे भागिले सहा, म्हणजे तासाला दोनशे आणि मिनिटाला तीनाहून जास्त. मधे जेवणाची सुट्टी नाही! आमच्या युनियनने हे प्रतिज्ञापत्र पाहिले असते तर औद्योगिक क्रांती तिथेच थांबली असती.

पुढे १८४० साली रिचर्ड प्रॉसर नावाच्या गृहस्थाने मातीची जेमतेम ओलसर भुकटी दाबून तिची बटणे करायची रीत शोधली. हर्बर्ट मिंटनने ती बटणांची रीत उचलून टाइल्सना लावली. ओल्या मातीची टाइल वाळताना वेडीवाकडी होते. दाबलेल्या भुकटीची सरळ राहते. आज भिंतीवर दिसणारी बहुतेक टाइल या बटणाची नात आहे.

त्यानंतर जंतू आले. म्हणजे जंतू होतेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते माणसाला कळले. रुग्णालये, दूधडेऱ्या, खाटकांची दुकाने, सगळीकडे पांढऱ्याशुभ्र टाइल्स चढल्या. १९०४ साली न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली तीही पांढऱ्या टाइल्स मिरवत. पांढराच रंग का? तर डाग पटकन दिसावा म्हणून. डाग दिसला की तो पुसावा लागतो, आणि पुसणारे कोणी तरी लागते, हा मजकूर जाहिरातीत बारीक अक्षरांतही नव्हता.

१९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या घरांसाठी मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या बाईंनी स्वयंपाकघराचा आराखडा केला. जेमतेम सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब खोली. रेल्वेच्या डायनिंग कारचा मुदपाकखाना त्यांनी नमुना म्हणून पाहिला होता आणि घरकामाला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजला होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तिथे बांधली गेली. आपल्या फ्लॅटमधला ओटा या घराण्यातला. माशा निळ्या रंगावर बसत नाहीत अशा समजुतीने तिथली कपाटे निळसर रंगवली होती. बाई २००० साली, शंभरी ओलांडून गेल्या. पुढे त्यांनीच सांगितले की आराखडा करण्याआधी त्यांनी कधी संसार केला नव्हता की स्वयंपाक. आमच्या सौ.ला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणूनच तर वेळ मिळाला त्यांना!"

एवढी प्रदक्षिणा घालून आपण मुंबईत येतो. इथे भिंतीच्या आधी जमिनीचे नशीब उघडले, आणि ते बरोबरही होते. सगळा संसार जमिनीवरच चालत असे. १९२२ साली सिधवा काका-पुतण्यांनी स्वदेशीच्या भावनेने 'भारत' नावाचा फरशांचा कारखाना काढला आणि नक्षीदार सिमेंटच्या फरश्या घरोघर दिसू लागल्या. भिंतीला मात्र चुना, आणि पुढे ऐपत असली तर कमरेइतका ऑइलपेंट.

मग स्टो आला. माझी आई लग्न होऊन गिरगावच्या चाळीत आली तेव्हा मोरीशेजारच्या हातभर कट्ट्यावर पंपाचा स्टो होता. आणि मग आला गॅस. बर्मा-शेल कंपनीने १९५० च्या दशकात मुंबईत सिलिंडर विकायला सुरुवात केली होती. इंडेन १९६५ साली आला. सिलिंडर खाली आणि शेगडी वर, असे असल्याशिवाय गॅसची मांडणी जमत नाही. म्हणून ओटा आला. कडाप्पाचा काळा ओटा आला आणि हजारो वर्षे जमिनीवर बसलेली बाई उठून उभी राहिली.

या घटनेला इतिहासात सनावळी नाही, कारण ती एका दिवशी घडली नाही. पण माझ्या मते आपल्या घरांत विसाव्या शतकात घडलेली ही सर्वांत मोठी उलथापालथ. बाई उभी राहिली तशी फोडणीही उभी राहिली. जी मोहरी आधी जमिनीवर उडत होती ती आता समोरच्या भिंतीवर नाकासमोर उडू लागली. भिंत पहिल्यांदा बाईच्या डोळ्यांसमोर आली, आणि डोळ्यांसमोर आली म्हणून तिला टाइल लागली.

आम्ही १९८५ साली डोंबिवलीला आलो. मी सहा वर्षांचा होतो. गवंड्याने टाइल्स आदल्या रात्री घमेल्यात भिजत घातल्या होत्या आणि त्यांतून बुडबुडे निघत होते, ते बघत मी बसलो होतो. भिंतीच्या टाइलचे अंग भुसभुशीत असते. कोरडी लावली तर सिमेंटचे पाणी तीच पिऊन टाकते आणि चार महिन्यांनी निखळून हातात येते. वरचा चकाकणारा थर म्हणजे भट्टीत वितळून बसलेली काच. त्या काचेवर तेल, तिखट, आमसुलाचे सार, काहीही मुरत नाही.

मुरते ते फटीत. आणि इथून माझ्या विषयाला सुरुवात होते.

आमचा ओटा आठ फुटी. टाइल्स दोन फूट उंच. म्हणजे सोळा चौरस फूट. १९८५ साली लागली ती चार इंची पांढरी चौकोनी टाइल. एका फुटाला नऊ, म्हणजे एकशे चव्वेचाळीस टाइल्स. आता फटी मोजू. उभ्या तेवीस, प्रत्येकी दोन फूट, म्हणजे शेहेचाळीस. आडव्या पाच, प्रत्येकी आठ फूट, म्हणजे चाळीस. एकूण शहाऐंशी फूट फट. त्यात भरलेले पांढरे सिमेंट. आणि समोर महाराष्ट्रीय स्वयंपाक, म्हणजे हळद.

हळदीचा आणि चुन्याचा संबंध आपल्याला ठाऊक आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू तसेच करतात. सिमेंट चुन्याचेच भाऊबंद, आणि वर पुसायला धुण्याचा सोडा. त्यामुळे पिवळा डाग घालवायला जावे तर तो आधी लालेलाल होऊन दाखवतो. काचेवरून हळद फडक्याने निघते. फटीतून काढायला जुना टूथब्रश लागतो.

आई महिन्यातून एकदा त्या फटी घासायची. तिच्या खात्याचा उतारा असा: महिन्याला शहाऐंशी फूट, वर्षाला एक हजार बत्तीस फूट, तीस वर्षांत तीस हजार नऊशे साठ फूट. म्हणजे जवळजवळ साडेनऊ किलोमीटर. माझी आई टूथब्रश घेऊन डोंबिवलीहून कल्याण गाठून परतीच्या वाटेला लागली होती आणि आम्हा घरातल्या पुरुषांना वाटत होते की ती स्वयंपाकघरात आहे.

१९९० नंतर चित्रांचा काळ आला. दर चार टाइल्सनंतर एक चित्राची टाइल, तिला दुकानदार 'हायलायटर' म्हणत. एकीवर द्राक्षांचा घोस, एकीवर नासपती, एकीवर वाफाळता कॉफीचा कप. ज्या घरात जन्मभर चहाशिवाय काही उकळले नाही तिथे भिंतीवर कॉफी. फणस, करवंद किंवा निदान एखादी दुधी भोपळ्याची टाइल मी आजतागायत पाहिलेली नाही. गुजरातेत मोरबीला कारखान्यांची रांगच्या रांग उभी राहिली, देशातल्या बहुतांश टाइल्स तिथून येऊ लागल्या, टाइल स्वस्त झाली, मोठी झाली. पण चित्रातली फळे परदेशीच राहिली.

तर यंदा भिंत फुटली आणि निवड करायची वेळ आली. निवडीसाठी आमच्या घरी जी समिती आपोआप तयार झाली तिच्यात मेहुणे होते, इंजिनियर भाचा होता, सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि वरच्या मजल्यावरचे काका होते (पाइप त्यांचाच). मेहुण्यांना संगमरवरासारखी रेघारेघांची हवी होती. भाच्याला काळी हवी होती. सेक्रेटरींनी त्यांच्या स्वतःच्या घरचे फोटो मोबाइलवर दाखवले. सौ. सगळ्यांना चहा देत होती. दिवाणखान्यातला इतिहास हा असा लिहिला जातो.

समितीला खोडा घातला तो मिस्त्रीने. भिंतीवर ओळंबा धरत त्याने विचारले, "साब, इस दीवार के सामने खड़ा कौन रहता है?"

कोणी काही बोलेना. उत्तर सगळ्यांच्या हातात होते, कपबशीत.

मग सौ.ने पदर खोचला आणि एकेक मुद्दा असा मांडला की आमच्या मॅनेजरनी कर्जाचा प्रस्तावही इतका मुद्देसूद मांडला नसता. काळी नको; पाण्याचे पांढरे डाग दिसतात. खडबडीत नको, खाचांत तेल बसते. अगदी आरशासारखी नको, "कढईतून मान वर केली की आपलंच घामेजलेलं तोंड बघायचं का?" चित्र नको. मिक्सरचा प्लग शेगडीच्या मागे नको, बाजूला हवा. कापलेला तुकडा आला तर फ्रिजच्या कोपऱ्यात येऊ दे, नळाजवळ नको. रंग ताकासारखा. आणि शेवटचे कलम: "फटी कमी."

बाराव्या इंचाला एक फूट होतो हे ज्ञान मला शाळेपासून आहे. त्याचा उपयोग त्या दिवशी झाला. एक फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाइल मिळते. ती उभी लावली की दोन फुटांचा पट्टा एका टाइलमध्ये संपतो. आठ फुटांना आठ टाइल्स, फुटतुटीला एक जास्त. आडवी फट नाहीच. उभ्या सात, प्रत्येकी दोन फूट. एकूण चौदा फूट. त्यात सिमेंटऐवजी इपॉक्सी भरायचे, हळद पटकन धरत नाही. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका दुकानात ताकाच्या रंगाच्या नऊ टाइल्स मिळाल्या आणि दीड दिवसात भिंत उभी राहिली.

तेव्हा वंशावळ अशी: आईच्या शहाऐंशी फूट, आणि सौ.च्या चौदा फूट. मधे सहा इंची टाइल लावून गेलेल्या शेजारणींच्या चोपन्न फूट. राजवंशांचे इतिहास मी शाळेत पाठ केले होते. पण प्रगती म्हणजे काय हे मला या तीन आकड्यांइतके स्पष्ट कधी दिसले नव्हते. आणि ही वहीसुद्धा सगळीकडे सारखी लिहिलेली नाही. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत सिलिंडर पोचले. पण सिलिंडर संपला की पुन्हा चूल पेटते अशी घरे आजही आहेत. तिथल्या बायका अजून जमिनीवर, धुरात आहेत. त्यांच्या भिंतीचा इतिहास सुरूच व्हायचा आहे.

भाच्याचे मात्र समाधान झाले नव्हते. तो म्हणाला, "मामी, आता अख्खी काच मिळते. एक सलग तुकडा. फट शून्य!"

सौ. म्हणाली, "फटी शून्य झाल्या रे, पण काच पुसायला उभं कोण राहणार? ते माणूस मिळतं का तुझ्या दुकानात?"

यावर भाच्याने मोबाइलमध्ये डोके घातले, मेहुण्यांना लोकल आठवली आणि सेक्रेटरी मीटिंगला गेले. मी हिशेबाचा माणूस, मला पळता येईना. वहीत एक कोरा रकाना दिसत होता आणि कोरा रकाना ठेवून दिवस बंद करायची आमच्या बँकेत पद्धत नाही.

तेव्हापासून महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, बँकेला सुट्टी असते तेव्हा, ते चौदा फूट माझ्या नावे आहेत. टूथब्रश जुना आहे. वेळ पंचवीस मिनिटे लागतो. सौ. दिवाणखान्यात बसून पेपर वाचते आणि तासाभराने आतल्या दिशेने विचारते, "अहो, चहा होतोय ना?"